उखर्डूचं रवंथ

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला डिप्रेशन आहे."

मी म्हटलं, "बाई, एवढी मोठी वस्तू माझ्याकडं कशी आली? माझ्याकडं धड चप्पल नाही."

त्या हसल्या नाहीत. शेजारी बायको पदरानं तोंड झाकून बसली होती, कोणी ओळखीचं बघेल म्हणून.

माझं नाव उखर्डू. माझ्याआधी आईची तीन लेकरं गेली. म्हणून मी जन्मलो तसं मला उकिरड्यावर लोळवलं नि हे नाव ठेवलं. कचरा समजून यम सोडून देईल म्हणे. यमानं सोडलं. कचरा मात्र मी राहिलो. शाळेचं तोंड पाहिलं नाही. हे मी बोलतोय नि पोरगी लिहून घेतेय. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला आहे, ओल्या मिरच्या उन्हात वाळत घालतो. दुसऱ्यानं हसायच्या आत आपणच आपल्याला हसून घ्यायचं, एवढी एकच विद्या शिकलो.

तीच विद्या पोरीला नडली.

रेखाला बघायला प्रकाशा गावाकडचे पाहुणे आले होते. मुलाची आई म्हणाली, "पोर भलती गुनी शे." आमच्यात लेकराचं तोंडावर कौतुक झालं की बापानं लगेच काहीतरी उणं बोलायचं, नजर लागू नये म्हणून. मी बोललो, "कसानी गुनी? मन्हावर गयी शे. आमना खानदानमाच थोडं येड शे."

सगळे हसले. सगळ्यात जास्त मी.

आठ दिवसांनी निरोप आला. येड असलेलं घर नको.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यात फिरायला लागलं. तेच बोलणं, तेच हसणं. बोललो नसतो तर? दुसरं बोललो असतो तर? जेवताना तेच, मिरची पसरताना तेच. भूक गेली, झोप गेली. पथारीवर सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी असतं, त्यामुळे माझं रडणं तीन महिने कोणाला कळलं नाही. सोयच होती.

दवाखान्याच्या फाटकावरून दोनदा परत फिरलो. मनाच्या डॉक्टरच्या रांगेत बापाला कोणी पाहिलं, तर पोरीचं पुढचं स्थळही गेलं. तिसऱ्यांदा बायकोनं दंड धरला. "रेखाना बाप, लोके मरोत. तुम्ही चाला." आधी रक्त तपासलं, मग थायरॉईड. दोन्ही चांगले निघाले. मला वाईटच वाटलं. रक्तात काही सापडलं असतं तर गावात सांगता आलं असतं.

बाईंनी समजावलं. "याला रुमिनेशन म्हणतात. बैल बसला की खाल्लेलं परत तोंडात आणून चघळतो ना, ते रवंथ. तसं तुम्ही एकच गोष्ट चघळताय."

मी म्हटलं, "बैलाच्या अंगाला लागतं तरी. माझ्या काय लागतं?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या, "तेच तर सांगतेय. आणि दुसरं, सेल्फ-एस्टीम. आपल्या नजरेत आपली किंमत. तुमची आधीच खाली. म्हणून चूक झाली की 'चुकलो' म्हणून तुम्ही थांबत नाही, 'मी आहेच असा' म्हणता. मग तेच चघळता, नि किंमत आणखी उतरते."

मग विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?"

मी जोक शोधला. सापडला नाही. "हो" म्हटलं. बायकोच्या तोंडावरचा पदर गळून पडला.

तुम्हाला कोणी असं विचारलं तर खरं सांगा. मी फक्त तेवढं एकच काम नीट केलं.

गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला काही आठवडे लागतील, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, असं बजावलं. तोच विचार आला की उठायचं, हाताला काम द्यायचं. आणि दिवसभर स्वतःची टिंगल बंद. पहिल्या दिवशी मी दुपारपर्यंत मुकाच होतो. बोलायला दुसरं काही निघेचना. पथारीवरच्या बाया म्हणाल्या, "उखर्डूभाऊ, घरमा भांडण व्हयनं का?"

तरी एक गोष्ट सुटत नव्हती. सगळ्यांना विचारायचो, स्थळ माझ्यामुळे मोडलं का? बायको म्हणायची नाही. भाऊ म्हणायचा नाही, नशीब. मला सगळे खोटे वाटायचे. एका दुपारी रेखा गव्हातले खडे काढत होती, तिलाच विचारलं.

तिनं सूप खाली ठेवलं. "हां आबा. तुमनामुयेच मोडनं. माले लई राग उना व्हता. आजून शे थोडा." मग गोळ्यांचं पाकीट माझ्याकडं सरकवलं नि पुन्हा सूप हातात घेत म्हणाली, "पन तुम्ही वाईट मानूस नहीत. गोयी ल्या."

दुसरं स्थळ अजून आलेलं नाही. येईल की नाही, माहीत नाही. पण त्या दुपारी मी पोटभर जेवलो. पोरीनं कडू होतं ते खरं सांगितलं. मग म्हटलं, त्याच्यापुढं बोलली तेही खरंच असेल.