सवाष्णीचे तीस पौंड

नागलक्ष्मी माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. तमिळ मुलखातल्या राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत शुक्रवारी देवीची सवाष्ण जेवू घालायची, तर सगळ्यांत आधी तिचं नाव निघे. नवरा धडधाकट, चार मुलं हसतीखेळती. याहून शुभ बाई कुठे मिळणार? सवाष्णीनं पानावर ‘नको’ म्हणायचं नसतं, आणि आत्या कधी म्हणालीही नाही. वीस वर्षं गल्लीनं तिच्या मुखानं देवीला जेवू घातलं. देवी होती तशीच राहिली, आत्या मात्र दोनशे दहा पौंडांची झाली.

१९६३ साली तिच्या बेंबीपाशी हर्नियाचा गोळा आला. एकदा तो आत जाईना, तेव्हा ती अर्धा दिवस तळमळत ओरडत होती. इस्पितळातल्या डॉक्टर जयलक्ष्मी स्पष्टच बोलल्या, “ऑपरेशन हवंच. पण एवढ्या वजनावर भूल दिली तर तुम्ही जाग्या व्हाल याची खात्री नाही. आधी तीस पौंड उतरवा. त्याआधी आतडं अडकलं तर जीव जाईल.”

छातीचा एक्स-रे झाला, हृदयाचा आलेख झाला, रक्त घेतलं. राहिली लघवीतली साखर. ती तपासणी शुक्रवारी दुपारी तीनला होती. गोड खायचं नाही, दुपारी फक्त मूठभर ताकभात, असं बजावलं होतं. नेमकं त्याच दिवशी गल्लीतल्या चंद्रमतीकाकूंकडून सवाष्णीचं बोलावणं आलं. देवीच्या पानावरचं कुठे बाधतं, असं आत्याला अगदी मनापासून वाटलं. तीन पुरणपोळ्या आणि दोन वाट्या पायसम जेवून ती तपासणीला गेली. नळीतलं निळं औषध तापवल्यावर विटकरी झालं.

“साखर आहे. चार महिन्यांनी या,” डॉक्टर म्हणाल्या.

आत्या घरी येऊन खांबाला टेकून बसली. जयतीर्थराव, तिचे यजमान, पाणी घेऊन आले. त्यांना ती म्हणाली, “देवी कोठची हो! इतकी वर्षं मीच जेवत होतें.”

दुसऱ्या दिवसापासून दुपारी वाटीभर भात, रात्री दोन इडल्या. सकाळी शिवगंगा तळ्यापर्यंत चालत जायचं आणि चालतच यायचं. दर रविवारी ती भातगिरणीच्या तराजूत बसे. हमाल फिदीफिदी हसत. ती म्हणे, “हसा, पण वजनं नीट ठेवा.” सवाष्णीची बोलावणी तिनं सरळ परत पाठवली, आणि गल्लीत बोभाटा झाला की नागलक्ष्मी माजली.

चार महिन्यांनी पुन्हा तपासणीचा शुक्रवार आला आणि चंद्रमतीकाकूंनी मुद्दाम त्याच दुपारी बोलावलं. देवीचा मान म्हणून आत्या गेली. मी तेव्हा सतरा वर्षांची, वाढायला होते. आत्यानं मूठभर ताकभात खाल्ला आणि पानावर हात आडवा धरला.

“पोळी घाल ग तिज,” काकू मला म्हणाल्या.

“पोदुम, काकू. पुरे झालं.”

“अर्धं पान सोडून उठतेस? मरणाचं एवढं भय कां? सवाष्ण गेलीस तर हळदीकुंकवानं जाशील. असलं भाग्य कोणास मिळतें?”

पंगतीतल्या बायकांनी माना डोलावल्या. मला इतका संताप आला की तुपाचं भांडं तिथंच आपटावंसं वाटलं. आत्या मात्र शांतपणे म्हणाली, “तें भाग्य तुम्ही घ्या, काकू. मज जगायचं आहे.”

काकूही सवाष्णच होत्या! आत्यानं पान दुमडलं, हात धुतले आणि निघताना रीतीप्रमाणे कपाळ पुढे केलं. काकूंनी कुंकवाचा करंडा उचललाच नाही. आत्या तशीच पायरी उतरली.

तीन वाजता मी तिच्याबरोबर इस्पितळात होते. औषध निळं ते निळंच राहिलं. काट्यावर एकशे अठ्ठ्याहत्तर भरले. डॉक्टरांनी कागदावर ऑपरेशनची सोमवारची तारीख लिहून दिली.

इस्पितळाच्या पायरीवर आत्या मटकन बसली आणि ढसाढसा रडली. “कुंकू लावलं नाही ग त्यांनी मज,” ती म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं, कागद माझ्या हातात दिला आणि विचारलं, “सोमवारी किती वाजतां यावें म्हणून लिहिलंय, बघ.”