ठकुबाईनं पाळलेलं पथ्य

गेनू ठाकर आमच्या कँटीनमध्ये हमालीला लागला तेव्हा त्याची नुसती हाडं दिसत होती. तळेगावच्या पलीकडे डोंगरात त्याचा पाडा. नाचणीची भाकरी, रानभाजी आणि मिळालेच तर खेकडे, एवढ्यावर वाढलेला गडी. लाकडाची मोळी घेऊन बाजाराला उतरायचा आणि तसाच परत चढायचा. छप्पन साली पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात त्याला काम मिळालं, आणि दोन्ही वेळा पोटभर भात, चपात्या, वर हवा तेवढा गोड चहा. मी कँटीनचा कारकून, त्यामुळे उरलेली जिलेबी त्याच्या पुढ्यात सरकवणाराही मीच.

दोन वर्षांत गेनूला पोट सुटलं, गाल वर आले. पाड्यावर गेला की म्हातारी माणसं त्याचं पोट थापटून म्हणायची, "गेनूला कारखाना मानवला." त्याची बायको ठकुबाई तर नवऱ्याकडे बघूनच फुलायची. जन्मभर अर्धपोटी राहिलेल्यांना जाडी म्हणजे सुखच वाटणार. मी एवढा शिकलेला, मलाही तसंच वाटत होतं.

मग त्याला तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या पाणी प्यायचा आणि सारखा लघवीला पळायचा. कधी पायात वहाण न घातलेला माणूस, त्याला कारखान्याचे बूट लागले. अंगठ्याला फोड आला तो महिना झाला तरी भरेना. मी त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि डायबेटिस निघाला. रोज इंजेक्शन आणि साखर कायमची बंद, नाहीतर पाय कापावा लागेल, म्हणाले.

"पाय गेला तर डोंगर कसा चढू, भाऊ? घरला कसा जाऊ?" गेनूनं एवढंच विचारलं.

ठकुबाई आता पिंपरीतल्या खोलीवर गेनूपाशीच राहत होती. तिला समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "साखर नाही, गूळ नाही, भात मूठभर. नाचणीची भाकरी दे."

"आजारी मानसाला नाचनी?" ती हबकली. "आमचे हाल व्हते तवा खायचो ती."

पण तिनं ऐकलं. साखरेचा डबा मला आणून दिला. गेनू कोरा, अगोड चहा मुकाट्यानं प्यायचा. तरी जखम चिघळतच गेली. "हा घरी गोड खातोय," डॉक्टर माझ्यावर ओरडले आणि मी तो राग ठकुबाईवर काढला. नको नको ते बोललो.

"देवाशपथ भाऊ, साखरेचा दानासुदिक न्हाई घरात," ती रडत म्हणाली.

पाय कापला, पण विष अंगात भिनलं होतं. एकोणसाठच्या चैत्रात गेनू गेला.

दहाव्याला मी त्यांच्या खोलीवर गेलो. ठकुबाईचे वडील भिमाजी भिंतीला टेकून बसले होते. तिनं फळीवरून एक बाटली काढली. तळाशी मध होता.

"बाबा दर आठवड्याला कड्यावरचं पोळं काढून आनायचं. सांज-सकाळ दोन घोट पाजायची मी. साखर बंद, मग अंगात ताकद कुठनं येनार?"

त्यांच्या लेखी साखर दुकानातली, मध डोंगरातलं औषध. खोकल्याला तोच, जखमेलाही तोच. आणि मधाचं नाव घ्यायचं मला मूर्खाला सुचलं नव्हतं.

"समदं पथ्य पाळलं ना मी, भाऊ?"

"पाळलंस, बाई," मी म्हणालो. डोळ्यांना धार लागली होती.

भिमाजी हात चोळत पुटपुटले, "आता पहिल्यागत चढवत न्हाई मला. न्हाईतर अजून आनला असता."