दोन महिने फुकट

ओमाहाच्या पश्चिमेला मक्याची शेतं हटवून जी नवी गृहसंकुलं उभी राहिली आहेत, त्यांच्या कुंपणावरचे फलक मार्लिस कुचेराइतके मन लावून कुणी वाचले नसतील. ‘पहिला महिना फुकट’, ‘सहा आठवडे फुकट’, ‘कुत्र्याचे वेगळे पैसे नाहीत’. रविवारी चर्च सुटलं की ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने गाडी काढायची आणि शेजारी बसलेल्या डेल्बर्टला एकेक फलक मोठ्याने वाचून दाखवायची. संकुलांच्या नावांशी तिला देणंघेणं नव्हतं. नाव हेरॉन रिज, आणि तिथे ना बगळा ना टेकडी! ती बघायची फलक किती मळलाय ते. फलक मळका म्हणजे घरं बरेच दिवस रिकामी, आणि घरं रिकामी म्हणजे ऑफिसातली माणसं नरम.

बाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. गुरुवारी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि तिच्याबरोबर दालचिनीचे गोड रोल. पातेल्याच्या तळाला चार चमचे उरले तरी तिच्या जिवाला लागायचं. दक्षिणेकडचं स्वतःचं घर त्यांनी विकलं ते डेल्बर्ट रेल्वेतून निवृत्त झाल्यावर, नवं छप्पर घालायचा खर्च ऐकून. तेव्हा तिला वाटलं होतं, आता भाड्याने राहू, बर्फ दुसरा कुणीतरी उपसेल. बर्फ उपसला जायचा, खोटं कशाला बोला. पण वर्ष भरत आलं की पाकीट यायचं. जो राहतोय त्याचं भाडं वाढलेलं, आणि बाहेर फलकावर, जो अजून आलेलाच नाही त्याच्यासाठी पायघड्या. सगळं शहर हे निमूट सोसतं. मार्लिसला तो आपला अपमान वाटला.

मग तिने दरवर्षी घर बदलायचा सपाटाच लावला. इथला करार संपला की तिथला फुकट महिना. खोकी तीच, दर खेपेला चिकटपट्टी काढून सपाट केलेली आणि पलंगाखाली सरकवलेली. शाळेतल्या बायका घर शोधायला लागल्या की आधी तिला विचारायच्या, आणि तीही ऐटीत सल्ला द्यायची. डेल्बर्ट तिची टर उडवायचा. “आमच्या सरकारांना फुकटात शवपेटी मिळाली ना, तर वर्षभराने तीही बदलतील,” असं तो चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणायचा. मार्लिस म्हणायची, “तुझ्यासाठी आधीच बघून ठेवलीय. मळकी आहे, घासाघीस करता येईल.”

हेरॉन रिजला आले त्या वर्षी डेल्बर्टचे डोळे गेले. साखरेचं दुखणं जुनं होतं, डॉक्टरांनी बजावलंही होतं, तरी गेले तेव्हा दोघांनाही ते खरं वाटेना. पहिले दोन महिने तो खुर्चीतून उठला नाही. मग हळूहळू त्याने ते घर हाताने पाठ केलं. दारातून आत आलं की डावीकडे न्हाणीघर, उजवीकडे कपड्यांचं कपाट, सिंकच्या उजवीकडे ओटा, डावीकडे शेगडी. सगळा हिवाळा त्यातच गेला. कपाळावर टेंगळं आली, दोन कप फुटले. आणि एके दिवशी मार्लिस शाळेतून आली तर जिन्यापर्यंत कॉफीचा वास. त्या दिवसापासून दुपारची कॉफी त्याची. तिने पुढे होऊन कप घ्यायला हात केला की तो खेकसायचा, “बस तू. हे माझं खातं आहे.” आंधळा झाल्यापासून पहिल्यांदाच तो घरात माणसासारखा वागत होता. मार्लिसला काय बरं वाटलं असेल, ते मी सांगायला नको.

एप्रिलमध्ये पाकीट आलं. महिन्याला पंच्याण्णव डॉलरची वाढ. आणि फाटकावर त्याच आठवड्यात नवा कोरा फलक, ‘दोन महिने फुकट’. मार्लिस तशीच ऑफिसात गेली. तिथे केल्सी नावाची हसरी मुलगी बसायची.

“का गं, वर्षभरात एकदा तरी आमचं भाडं चुकलं? भिंतीला खिळा तरी ठोकला? मग वाढ मला, आणि दोन महिने फुकट कुणाला, तर ज्याचं तोंडही तुम्ही पाहिलेलं नाही त्याला?”

“मिसेस कुचेरा, आकडा मी नाही हो ठरवत. कॉम्प्युटर ठरवतो. जुन्या भाडेकरूला सूट लावायला गेलं की तो घेतच नाही.”

“मग बोलाव त्याला बाहेर. बघते मी त्याच्याकडे.”

केल्सी हसली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “तुमच्या समोरचा २१४ रिकामा आहे. त्याच्यासाठी नवा अर्ज केलात, तर तुम्ही नव्याच.”

“म्हणजे बोळ ओलांडला की मी नवी?”

“कॉम्प्युटरच्या हिशेबाने, हो.”

मार्लिसला अस्मान ठेंगणं झालं. तिने २१४ दारातूनच पाहिला. तीच खिडकी, तीच शेगडी, तोच मातकट गालिचा. घरी येऊन तिने डेल्बर्टला सांगितलं.

“सेम आहे?”

“अगदी सेम. समोर जायचं फक्त. ट्रकसुद्धा लागणार नाही.”

“तू म्हणतेस तर ठीक,” तो म्हणाला.

जूनमधल्या एका शनिवारी इमारतीतला दुरुस्तीवाला डेंग मदतीला आला. सुदानहून आलेला, दाराच्या चौकटीखालून वाकूनच जावं लागेल इतका उंच. सोफा बोळातून ढकलताना तो म्हणाला, “मार्लिसबाई, लोक भांडून समोरच्याशी बोलायचं बंद करतात. समोर राहायलाच जाणाऱ्या तुम्ही पहिल्या.” तासाभरात घर लागलं. संध्याकाळी मार्लिसने शाळेतल्यासारखेच घरी केलेले रोल सगळ्यांना वाटले आणि दोन महिन्यांच्या भाड्यात काय काय येईल ते डेल्बर्टला ऐकवत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्बर्ट न्हाणीघर समजून कपड्यांच्या कपाटात शिरला. दोघंही हसली. मग तो वळला आणि दाराच्या कडेवर आपटला. मार्लिस घराच्या मधोमध उभी राहिली आणि पहिल्यांदा नीट बघितलं. बांधणाऱ्यांनी एकच नकाशा उलटा करून बोळाच्या दोन्ही बाजूंना घरं बांधली होती. आरशात दिसतं तसं. ज्याला डोळे आहेत त्याच्या ते लक्षातही येत नाही. २१४ मध्ये न्हाणीघर उजवीकडे होतं. सिंकच्या उजवीकडे शेगडी.

त्याच आठवड्यात ती बाजारातून परतली तर डेल्बर्ट खुर्चीत बसलेला, हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला. कप ठेवायला म्हणून त्याने ओट्यावर तळवा टेकला होता, आणि तो ओटा नव्हता.

“आज कॉफी नाही,” एवढंच तो म्हणाला.

त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. शवपेटीचा विनोद केला असता तरी चाललं असतं. मार्लिस धावत ऑफिसात गेली, म्हणाली, सूट नको, फुकट महिने परत घ्या, आमचं जुनं २११ आम्हाला द्या. केल्सीचा चेहरा पडला. २११ चा रंग वाळायच्या आत तिथे दोन नर्स राहायला आल्या होत्या.

मग पुन्हा पहिल्यापासून. नव्या जागेत शिकणं वेगळं. इथे आधी जुनं विसरायचं होतं आणि हात ऐकत नव्हते. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत तो शेगडीजवळ गेला नाही. मार्लिस सकाळी थर्मास भरून ठेवायची आणि तो दुपारी एकटा ती कोमट कॉफी प्यायचा. शाळेत कुणी घराबद्दल सल्ला विचारला तर ती आता म्हणायची, मला काय कळतंय त्यातलं. जानेवारी सरता सरता एका दुपारी जिन्यात पुन्हा वास आला. आत डेल्बर्ट कप धरून उभा होता. “साखर जास्त झाली असेल तर सांग,” तो म्हणाला. साखर नव्हतीच त्यात. मार्लिस नळ मोठा सोडून सिंकपाशी रडली आणि मग सगळा कप प्याली.

पुन्हा एप्रिल आला, पुन्हा पाकीट आलं. वाढ गेल्या वेळेपेक्षा मोठी. दोन दिवसांनी शाळेत केल्सीचा फोन आला. “मिसेस कुचेरा, आधी तुम्हालाच सांगतेय. त्या नर्स चालल्या. तुमचं २११ मोकळं होतंय, आणि ऑफर अजून आहे. दोन महिने!”

जुनं घर, तेही फुकट महिन्यांसकट! मार्लिसच्या आतली जुनी बाई टुणकन उठून बसली. तिने डबे तसेच टाकले, लवकर सुट्टी घेतली आणि डेल्बर्टला सांगायला घरी आली. दार हलक्या हाताने उघडलं. खुर्ची रिकामी होती. झोपायच्या खोलीच्या दारातून तिला डेल्बर्टचे तळपाय दिसले. तो पलंगाशी गुडघे टेकून बसला होता, एक हात खांद्यापर्यंत पलंगाखाली. आधी तिला वाटलं काहीतरी पडलंय. मग तिला ऐकू आलं. तो खोकी चाचपत होता. तळव्याने दाबून, एकेक. सपाट आहेत ना. कुणी उभी करायला घेतली नाहीत ना. शेवटचं खोकं दाबून झालं तसा त्याने श्वास सोडला, पलंगाला धरून उठला आणि चादरीची सुरकुती सारखी केली. किती दिवसांचा हा परिपाठ होता कोण जाणे. त्याचे हात सवयीने फिरत होते.

मार्लिस उलट्या पावली बाहेर आली. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ती तशीच खाली ऑफिसात गेली. “आहे त्याच घराचा करार काढ,” ती म्हणाली.

“पण २११? तुमचं जुनं घर...”

“माझं जुनं. त्याला आता ते परकं आहे, पोरी. काढ कागद.”

केल्सीने कागद काढला. वाढीचा आकडा कुठे छापलाय ते ती बोटाने दाखवत होती, तोवर मार्लिसची सही झालीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी डेल्बर्ट आंघोळीला गेला तेव्हा तिने खोकी ओढून काढली आणि दोन फेऱ्यांत खाली कचऱ्याच्या पेटीत टाकून आली. दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. डेल्बर्ट झोपायच्या खोलीत गेला. गुडघे टेकल्याचा आवाज आला. मग गालिच्यावर तळवा फिरल्याचा.

“मार्लिस,” त्याने हाक मारली. “इथली खोकी?”

“टाकली.”

“सगळी?”

“सगळी. आणि या वर्षी एक दिवससुद्धा फुकट नाही. पूर्ण भाडं भरणार आहे.”

मार्लिस दारात येऊन उभी राहिली. मग तो पलंगाला धरून उठला, डावीकडे वळला, न चाचपता कपाटाचं दार उघडलं आणि आत वाकला.

“मग माझे बर्फातले बूट ठेवतो पलंगाखाली,” तो म्हणाला. “कपाटात नुसते पायात येतात.”