उल्जान आपाच्या मळ्यातले ससे

उल्जान आपाच्या मळ्याला तीन बाजूंनी मातीची भिंत होती आणि चौथ्या बाजूला तळं. “माझा मळा इथून तिथवर,” असं सांगताना ती हात पाण्यावरून पार पलीकडच्या बर्फाच्या डोंगरांपर्यंत न्यायची. इस्सिक-कुल तळ्याचा काठ असा की गार सकाळी पाण्यावरून धुकं निघायचं आणि कुणाला न विचारता आत शिरायचं. आधी बटाट्याच्या सऱ्या नाहीशा व्हायच्या, मग कोबी, मग शेपूचे तुरे. आपा त्यात बुडून निंदत असायची. आमच्या अंगणातून बघावं तर नुसता एक पांढरा रुमाल इकडून तिकडे तरंगत चाललेला दिसायचा.

मी डोंगरापलीकडच्या नारिनकडची. लग्न होऊन त्या गावात आले. आमचं घर आपाच्या भिंतीला लागून. माझ्या सासूबाई तोक्तोबुबू आणि आपा या दोघींचा दिवस भिंतीवरून एकमेकींना टोचल्याशिवाय उजाडत नसे.

आपाचे यजमान एसेनकुल आबा. पोटासाठी ट्रक चालवायचे, पण माणूस खरा लग्नघरातला. आसपासच्या कुठल्याही गावात लग्न असो, मांडवात उभं राहून पाहुण्यांना हसवायचं, व्याह्यांना चिमटे काढायचे, कोणी कोणाला आशीर्वाद द्यायचा ते ठरवायचं, हे सगळं आबांकडे. त्यांच्या जिभेवर साखर होती आणि साखरेखाली मिरची. “घरात मात्र मला बोलायला जागाच ठेवत नाहीत,” असं आपा म्हणायची, आणि म्हणताना तिचा चेहरा खुललेला असायचा.

एका हिवाळ्यात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. शहरातल्या दवाखान्यातून ते वसंतात घरी परतले तेव्हा उजवा हात लुळा होता, पाय ओढत होते आणि ओठांचा कोपरा खाली घसरला होता. डॉक्टरांनी आपाला सांगितलं होतं, वाचा गेलेली नाही, फक्त जीभ जड झालीय; बोलत राहिले तर सुधारेल. पहिल्याच दिवशी गाव भेटायला लोटलं. चहा झाला, नान आणि जर्दाळूचा मुरांबा फिरला. आबांनी हात वर केला. जुनी सवय, सगळे गप्प झाले. ते काहीतरी बोलले. एक शब्द कुणाला कळला नाही. काहीतरी गमतीचं असणार म्हणून कोपऱ्यातली एक बाई हसली. चुकीच्या जागी हसली. आबांनी तिच्याकडे पाहिलं, तोंड मिटलं, आणि त्यानंतर ते उघडलंच नाही. आपा रात्रंदिवस विनवायची, “अहो, मला एकटीला तरी बोला.” ते मान फिरवायचे.

त्याच वसंतात काठावरची काटेरी रानं तोडली गेली. केशरी आंबट बोरांची ती झुडपं माणसाच्या डोक्याहून उंच होती, आत ससे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. तिथे कुणीतरी पाहुण्यांसाठी विश्रांतिगृह बांधायला घेतलं. ससे बिचारे कुठे जाणार? मळ्यांत आले. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की वाफ्यांतली ढेकळं हलायला लागायची. मग त्या ढेकळांना कान फुटायचे.

गावाने फासे लावले. पाण्याला सगळ्यांत जवळचा मळा आपाचा, म्हणून सर्वांत जास्त ससे तिच्याकडे. तिने आबांचा ट्रकवरचा जुना कोट घालून बुजगावणं उभं केलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या सावलीत एक ससा निवांत पडलेला. तिने डबे टांगले. गाजरांवर लाल मिरचीची पूड उधळली.

“काय गं उल्जान,” भिंतीवरून सासूबाई, “सशांना तिखट चालतं वाटतं? वरून मीठही भुरभुरव हो!”

“तुझ्याकडे आले की विचारीन त्यांना, तोक्तोबुबूच्या हातची चव कशी लागली म्हणून.”

“माझ्याकडे आले तर पातेल्यात जातील.”

“कुठल्या? त्या फुटक्या?”

कामाच्या वेळी आबा नजरेसमोर असावेत म्हणून आपा संध्याकाळी त्यांची खुर्ची जर्दाळूच्या झाडाखाली मांडायची. आबा तासन्‌तास हलायचे नाहीत. सशांनी त्यांना झाडच समजलं असावं. आधी ते कोबीपर्यंत यायचे, मग गाजरांपर्यंत, मग खुर्चीच्या पायांपर्यंत.

एकदा आपाची पाण्याची पाळी संध्याकाळी आली. ती पार वरच्या टोकाला दारं धरत होती. पाणी एका सरीतून दुसरीत वळवत वळवत ती घेवड्याच्या वेलांमागे आली, तेव्हा पलीकडून पुरुषाचा आवाज ऐकू आला. कोण आलंय म्हणून तिने वेलांतून डोकावून पाहिलं. कुणी नव्हतं. आबा होते आणि त्यांच्या काठीपासून हातभरावर एक मोठी ससीण बसली होती.

“खा,” आबा म्हणत होते. “गाजल... खा. लवकल. ती... येईल.”

ससीण खात होती. कान उन्हापुढे आले होते, आतल्या बारीक लाल शिरा दिसत होत्या. आबांनी घसा खाकरला. मग कुणाचं तरी नाव घ्यायला लागले. “उ... ल्या... उल्यान.” डोकं हलवलं. नाही जमलं. पुन्हा, “उल्... जा... न.” आमच्याकडे नवरा बायकोचं नाव असं उघड्यावर घेत नाही. आपाने संसारात ते कितीदा ऐकलं असेल, देव जाणे. ती खोरं हातात धरून घोटाभर पाण्यात उभी राहिली. सरी भरली, वरंबा फुटला, पाणी कांद्यांत गेलं. तिने जाऊ दिलं.

“मला वाटलं, मी झोपेत आहे,” तिने पुढे मला सांगितलं. “हलले असते तर जाग आली असती.”

दुसऱ्या दिवशी डबे उतरले. बुजगावण्याचा कोट धुऊन दोरीवर गेला. पाण्याकाठच्या पट्टीत आपाने भाजीऐवजी सशांसाठी लसूणघासाचा चारा पेरला आणि एक अक्षर कुणाला सांगितलं नाही, आबांनाही नाही. त्यांना कळलं असतं की कुणी ऐकतंय, तर तेही बंद झालं असतं.

तो उन्हाळा आपाच्या आठवणीत सगळा संध्याकाळीच गेलेला आहे. ऊन उतरलं की तिला मळ्याच्या दूरच्या टोकाला काही ना काही काम निघायचं. ती घेवड्यामागे बसून गवताच्या काडीशी खेळायची. पाण्यावर आधी सोनं पसरायचं, मग राख. पलीकडचे डोंगर जागचे सुटून थोडे वर तरंगल्यासारखे दिसायचे. आणि त्या सगळ्याच्या मधून आबांचा आवाज यायचा, ओल्या लाकडासारखा, पेट घेता घेता विझणारा. कधी ते जुन्या ट्रकच्या चढणींची गोष्ट सांगत. कधी उगाच आकडे म्हणत. एकदा तर चक्क मांडवात उभे असल्यासारखे, “मं... डली! व्याही... मंडली!” ससे जवळ बसून चरत होते. एकाने मागचे पाय ताणून आळस दिला. “बसा, बसा,” आबा त्याला म्हणाले, “जेवन... व्हायचंय.”

आपाने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाचा बोळा तोंडात कोंबला, हसू बाहेर येऊ नये म्हणून. पण मग बघते तर तो बोळा डोळ्यांकडे गेला होता.

गावाला हे कुठे माहीत? त्यांना एवढंच दिसत होतं की उल्जानच्या मळ्यात सशांची धर्मशाळा झालीय आणि तिथून ते बाकीच्यांच्या कोबीवर जातात. आमचाही अर्धा वाफा गेला. लोकांचा राग चुकीचा नव्हता. म्हणत, नवऱ्याच्या आजारपणानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. शेवटी माझ्या सासूबाईंनीच वरच्या वस्तीवरच्या सिदिक काकांना निरोप धाडला. सिदिक म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. त्यांच्याकडे डोंगरी जातीचा शिकारी कुत्रा होता, लांब तोंडाचा, वाऱ्यासारखा.

पानगळीच्या सुरुवातीला, एका दुपारी, ते कुत्र्याला दोरीला धरून मळ्याच्या तोंडाशी आले. मागे चार शेजारी. मी माझ्या लहान लेकीला कडेवर घेऊन भिंतीपाशी उभी होते.

आपा वाटेत आडवी उभी राहिली. “भाऊजी, कुत्रं बाहेर बांधा आणि चहाला या.”

“चहा नंतर, वहिनी. आधी तुमची ही पलटण निकालात काढतो.”

“माझ्या मळ्यात तुम्हाला कुणी बोलावलं?”

“सगळ्या गावाने! अहो, लोकांनी हिवाळ्यात खायचं काय? सशांचे आशीर्वाद?”

“माझा कोबी घेऊन जा म्हणावं. जितका लागेल तितका.”

“असा कसा गं हा हट्ट?” सासूबाई भिंतीवरून ओरडल्या. “ससे तुझे कोण लागतात? माहेरचे?”

आपाने वाट सोडली नाही. खरं सांगायची सोय नव्हती, खोटं बोलायची सवय नव्हती. सिदिक काका नरमले, पण जे बोलले ते वाईट लागलं. म्हणाले, “वहिनी, दादाला बोलता आलं असतं ना, तर त्यानेच मला हाक मारली असती.”

जर्दाळूखाली खुर्ची करकरली. आबा काठीवर भार देऊन उठत होते. कुणीतरी धरायला पुढे झालं, त्यांनी खांद्याने त्याला बाजूला केलं. पाय ओढत ते आपाच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“सि... दिक,” ते म्हणाले. “कुत्लं... बांध.”

आपाने खाली पाहिलं. तेवढ्यात माझ्या कडेवरची पोर खळखळून हसली. “आबा कुत्लं म्हणाले! कुत्लं!”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिच्या तोंडावर हात ठेवायला गेले, पण आबांची नजर तिच्यावर गेली होती. मग ओठांचा चांगला कोपरा वर गेला.

“कुत्लं नाही तल काय,” ते म्हणाले, “कोंबली?”

पोर हसली. सासूबाई हसल्या. मग सगळेच. आबांनी मुद्दाम थांबून लोकांना हसू दिलं, पूर्वी थांबायचे तसे. सिदिक काका दोरी खांबाला बांधायला वाकले होते. एवढीशी गाठ, पण ते कितीतरी वेळ मान खाली घालून ती बांधत राहिले.

त्यानंतर आबांच्या तोंडाला खळ राहिला नाही. आमच्या भिंतीशी येऊन बसायचे. “गप्प होते तेव्हा बरे होते,” सासूबाई म्हणायच्या आणि त्यांच्यासाठी सुकवलेल्या दह्याच्या, कुरुतच्या खारट गोळ्या वेगळ्या काढून ठेवायच्या. पुढच्या उन्हाळ्यात सिदिक काकांच्या मुलीच्या लग्नात आबा मांडवात उभे राहिले. अर्धं समजलं नाही, पण लोक सगळ्याला हसले. लसूणघासाच्या वरच्या अंगाला सिदिक काकांनी स्वतः जाळीचं कुंपण घालून दिलं. त्याने ससे थांबले असं नाही. कमी झाले, आणि गावाने तेवढ्यावर समाधान मानलं.

आबा मात्र सशांना साफ विसरले. संध्याकाळी ते गावातल्या पुरुषांत बसलेले असत, खुर्ची रिकामी. आपा सवयीने घेवड्यामागे जायची. ससे यायचे, चरायचे. शांतता असायची. आणि त्या शांततेत, तिने मला सांगितलं, एक दिवस तीच बोलायला लागली. दवाखान्यातल्या त्या हिवाळ्याबद्दल. तेव्हा तिला किती भीती वाटली होती, तिथल्या बाकावर बसून तिने मनातल्या मनात नवऱ्याचं मरणोत्तर जेवणही कसं ठरवून टाकलं होतं, आणि त्याची किती लाज वाटली होती.

“हे तुम्ही आबांना का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“त्यांना?” आपा म्हणाली. “ते उद्या लग्नात सांगतील!”

आबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. एका जर्दाळूच्या हंगामात दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि बिश्केक शहरात राहणारी तिची लेक आपाला घेऊन गेली. पण बर्फ पुरतं वितळायच्या आत आपा बसमधून उतरली. “तिथे खिडकीतून दुसरी खिडकी दिसते,” एवढंच म्हणाली, पिशवी ठेवली आणि मळ्यात गेली.

हिवाळ्यात सशांनी सफरचंदाच्या कोवळ्या झाडांची साल गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत सोलून खाल्ली होती. आपाने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग घरातून जुनं, लोकरीच्या नमद्याचं जाजम आणलं, कात्रीने त्याच्या पट्ट्या काढल्या आणि मला हाक मारली. तिने खोड धरलं, मी पट्टी गुंडाळत गेले. धुकं आत यायला लागलं होतं, तिचे हात दिसत होते, बाकी फारसं नाही.

“इतकी घट्ट नको ओढूस,” ती म्हणाली. “वाढायचंय त्याला अजून.” आणि पुढच्या झाडाकडे गेली.