भाऊ लॉगिन करायचे ते दिवस

जुन्नरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी दोन वर्षं लॅब सांभाळत होते. निमगाव सावाहून एसटीने यायचे, कोपऱ्यातल्या मशीनवर बसायचे आणि कामापुरतं बोलायचे. लॅब उघडायला डिंगोरे गावचे भाऊ होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "ताई, इंग्रजी शाळेत बोलायचं शिकवत न्हाईत का?"

मुलांचं दिवसभराचं काम दुसऱ्या डिस्कवर उतरवायला एक लांबलचक कमांड टाइप करावी लागे. लिनक्समध्ये अशा कमांडला छोटं टोपणनाव देता येतं, त्याला एलियास म्हणतात. मी 'जतन' हे नाव दिलं होतं. आठवडाभर ते नीट चाललं. मग एके दिवशी मशीनने सांगितलं, अशी कमांडच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरळीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा नाही.

मी वहीत खुणा करू लागले. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. लोडशेडिंगच्या दिवशीच 'जतन' बंद पडायचं. त्या दिवशी लाइट आली की भाऊ आधीच येऊन माझ्या मशीनवर लॉगिन करून ठेवायचे, मी आले की वेळ जाऊ नये म्हणून. पासवर्ड लॅबचा, सगळ्यांना माहीत. म्हणजे भाऊ बसले की एलियास गायब. टाइप केलेल्या कमांडची यादी मी तपासली. तिथे फक्त माझ्याच कमांड होत्या. मला वाटलं, मागचं पुसूनही ठेवतात.

"भाऊ, माझ्या मशीनवर तुम्ही काही करता का?" एकदा विचारलंच.

"मी? नाव आन पासवर्ड टाकतो, बास. तुमचं मशीन लई मानी हाय, ताई. मालकिणीचंबी ऐकत न्हाई."

त्यांच्या हसण्याचाही मला संशय आला.

पुढच्या लोडशेडिंगला एसटी गाठायच्या घाईत मी 'जतन' टाइप केलं आणि पडद्यावरचा नकार न वाचताच निघाले. नेमकी त्याच दिवशी पहिली डिस्क बिघडली. मुलांचं दिवसभराचं काम गेलं. क्लास चालवणाऱ्या सरांनी जाब विचारला आणि मी वही पुढे केली. त्यांनी भाऊंकडून लॅबची किल्ली काढून घेतली आणि मला म्हणाले, "शनिवारी त्यांना सांगून टाकतो, आता येऊ नका म्हणून."

शुक्रवारी लाइट गेली आणि आली. भाऊ नव्हते. मीच लॉगिन केलं, लोडशेडिंगच्या दिवशीच्या आमच्या रीतीप्रमाणे थेट नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर. एरवी उघडायचो तो खिडक्यांचा डेस्कटॉप उघडायला जुन्या मशीनला फार वेळ लागे आणि तेवढ्यात लाइट पुन्हा जाईल ही धास्ती. 'जतन' टाइप केलं. नकार.

मग डेस्कटॉप उघडून तिथल्या कमांडच्या खिडकीत तेच टाइप केलं. चाललं.

खिडकी उघडताना शेल, म्हणजे आपल्या कमांड घेणारा प्रोग्राम, एक फाइल वाचतो, काळ्या पडद्यावर लॉगिन करताना दुसरी. माझा एलियास पहिल्या फाइलमध्ये होता. दुसरीत 'पहिलीही वाच' अशी एक ओळ असायला हवी. प्रिंटरची जोडणी करताना ती फाइल मी नव्याने लिहिली होती आणि ती ओळ गाळली होती. भाऊंनी खरंच नाव आणि पासवर्डच टाकला होता.

सरांच्या केबिनबाहेर मी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा आत गेले. "सर, चूक माझी आहे," एवढंच नीट बोलता आलं. बाकीचं मी पडद्यावर दाखवलं. सरांनी किल्ली माझ्याच हातात दिली. "तूच दे त्यांना."

शनिवारी भाऊ दाराशी उभे होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी किल्ली खिशात टाकली.

"किल्ली मागितली तवाच समजलं व्हतं मला. तुमी येकदा धड विचारायचं व्हतं, ताई."

पुढेही लोडशेडिंगच्या दिवशी ते आधी यायचे, माझं मशीन चालू करायचे. पण पडद्यावर नाव विचारलं की तिथेच थांबायचे आणि मी येईपर्यंत बाहेर पायरीवर जाऊन बसायचे.