माहेरचे करांदे
करांदे उकडल्याचा वास आला की मला साठ वर्षांपूर्वीची, लग्नानंतरची पहिली दिवाळी आठवते. झरीहून बैलगाडीने चिखल्याला सासरी निघताना आईने रानात हिंडून गोळा केलेले हे रानकंद, करांदे, फडक्यात बांधून दिले होते. पण जावांनी आपापल्या माहेरचे लाडू, करंज्या पंगतीत आणल्या, तेव्हा मी माझं गाठोडं माठामागे सरकवलं. सासूबाईंना ते दिसलं. त्यांनी करांदे उकडून सगळ्यांना वाढले आणि कौतुकाने विचारलं, "आईनं दिले का गो?" "नाही, शेजारणीनं," मी म्हणाले. मला न्यायला आलेल्या नवऱ्याने माझ्या आईचे काट्यांनी ओरबाडलेले हात पाहिले होते. तो खाली बघून जेवत राहिला. पुढे माहेरी गेले तेव्हा आईने विचारलं, "आवडले का गो त्यांना?" मी "हो" म्हटलं. तिचा खुललेला चेहरा आठवला की आजही मला माझीच लाज वाटते.