चोरीचा मोगरा

आपल्या घरी चोरी झाली की खूश होणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, आबा.

लग्न होऊन मी जामनेरहून धुळ्याला आले, तो पहिलाच फाल्गुन. आबा अंगणातल्या मोगऱ्याची छाटणी करत होते. मी भिंतीवरून वाकून, अगदी गोड आवाजात, एक फांदी द्याल का म्हणून विचारलं. त्यांनी मान वर न करता सरळ "नाही" म्हटलं. मला रडूच आलं. मेली एवढीशी फांदी, आणि एवढा तोरा! घरात येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो हसत सुटला. तेवढ्यात भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, की मी आत चहा ठेवायला चाललोय, वेळ लागेल, आणि कात्री भिंतीवरच राहिलीय. "जा आता," नवरा म्हणाला, "ते बाहेर यायच्या आत उरक."

मी फांदी चोरली. दुसऱ्या दिवशी आबा गल्लीभर सांगत फिरत होते, की आमच्याकडे चोरी झाली. चेहरा असा, जसं काही नातवाचं बारसं आहे.

मग कधीतरी त्यांनी मला त्यांचा कायदा सांगितला. "मांगीसन आनेल झाड रुसस, चोरेल झाड जगस." मागून आणलेलं झाड रुसतं, चोरलेलं जगतं. हा कायदा मूळचा अक्कांचा, म्हणजे आबांच्या बायकोचा. अक्कांनी हा मोगरा नशिराबादहून, आपल्या माहेरच्या अंगणातून आणला होता. आईला विचारलं असतं तर आईनं रोपच दिलं असतं, पण नाही. बाईनं गुपचूप फांदी मोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर धरून धुळ्याला आणली. मी आले तेव्हा अक्का नव्हत्या. मोगरा होता.

थंडी सरत आली, की आबा त्या मोगऱ्याशी सासूसारखे वागायचे. आधी पाणी बंद. मग पानं ओरबाडायची, बुडाची माती उकरून मुळांना ऊन दाखवायचं. झाड असं केविलवाणं दिसायचं, की बघवत नसे. मी एकदा न राहवून तांब्याभर पाणी घालायला गेले, तर केवढ्यांदा ओरडले! लाड करशील तर नुसता पाला येईल, म्हणाले. महाशिवरात्र झाली की मात्र शेणखत, भरपूर पाणी, आणि बुडाशी केळीच्या वाळक्या पानांचा जाड थर. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, पण आबा आंघोळ अर्धी करतील, मोगऱ्याची बादली भरलेली ठेवतील. पाडव्याच्या सुमाराला कळ्या धरायच्या आणि संध्याकाळी अख्ख्या गल्लीला वास.

मग एका उन्हाळ्यात आबा न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा नाशिकला असतो, तो येऊन घेऊन गेला. पोरगा गुणी. बाप पुन्हा घसरू नये म्हणून त्यानं माणसं लावून अंगणभर खरबरीत फरशी बसवून घेतली, काठोकाठ. मोगरा मधे येत होता. मी धावत बाहेर आले तोवर तो ट्रॅक्टरमध्ये पडला होता.

आबा काठी टेकत परत आले. अंगणात उभे राहिले, फरशीवर काठी आपटून बघितली आणि मुलाला म्हणाले, छान केलंस. मी भिंतीपाशीच होते. मुलगा गेल्यावर मी विषय काढला, तर पोरानं मायेनं केलं, त्याला काय बोलायचं, एवढंच म्हणाले. पण संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे, ती त्या कोपऱ्याकडे तोंड करूनच.

अक्कांचा मोगरा आता उरला होता तो माझ्याकडे. मी कुंडीत छानसं रोप केलं आणि घेऊन गेले. आबांनी कुंडीकडे पाहिलंसुद्धा नाही. घेऊन जा, म्हणाले. माझा पारा चढला. म्हातारा हट्टी, आणि मी मूर्ख! मग घरी येताना डोक्यात प्रकाश पडला.

फाल्गुनात मी छाटणीला बसले. आबा पलीकडे खुर्चीवर. मी उठले आणि त्यांच्यासारख्याच खणखणीत आवाजात सांगितलं, "मी चहा ठेवायला चाललेय. वेळ लागेल. कात्री भिंतीवर राहिलीय!"

स्वयंपाकघरात गॅससमोर उभी राहिले. काठीचा आवाज आला, टक, टक, मग थांबला. मी वळून पाहिलं नाही. पाहायचं नसतं. डोळे मात्र भरून आले.

दुसऱ्या दिवशी आबा भिंतीपाशी हजर. "कोन्ही तरी तुना मोगरानी फांदी तोडी लई गया. ध्यान नही का तुनं?" मी म्हटलं, काय करणार आबा, गल्लीत चोर फार झालेत. त्यांनी कोपऱ्यातली एक फरशी काढून घेतली होती. तेवढ्याच जागेत अक्का परत आल्या.

आबा गेले त्याला आता वर्ष होईल. घर विकलं. मुलगा सामान न्यायला आला, तेव्हा फरशीतल्या त्या चौकोनापाशी बसला. हा मोगरा इथे कसा, असं त्यानं मला विचारलं आणि मी सगळं सांगितलं. "मला बोलले नाहीत कधी," म्हणाला. झाडाची फांदी त्यानं हातात धरली आणि सोडून दिली. स्वतःच्या घरातली चोरी कसली? अक्कांचा मुलगा शोभावा असाच तो. लहानपणापासून हा कायदा ऐकत आलेला. उठून तो माझ्या भिंतीपाशी आला.

"काकू, एक फांदी..." म्हणाला आणि तिथंच थांबला.

"नाही," मी म्हटलं. कात्री भिंतीवर ठेवली आणि चहा ठेवायला आत गेले.